म्हैस आईलाच पान्हा सोडते, माझ्या हाताला नाही. वर फॅटही उतरलं

शिरोळचा_गोठा:

नमस्कार मंडळी. घरी दोन मुऱ्हा आणि एक पंढरपुरी अशा तीन म्हशी. प्रश्न थोरल्या मुऱ्हाचा आहे. दुसरं वेत, वेऊन तीनेक महिने झाले. पारडू पहिल्याच महिन्यात गेलं, तरी आईनं हातावर आणली होती, म्हणजे पारडाशिवाय दूध द्यायची सवय लावली होती. आईच्या हाताला सकाळचं सहा लिटर कुठं गेलं नाही.

आता आई बहिणीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि धारा माझ्याकडं आल्या. तेव्हापासून हिनं पान्हा चोरायला सुरुवात केली. सड धरले की पहिल्या चार धारा येतात, मग नुसती ओढाओढ. कास बघावी तर टम्म. तीन-साडेतीन लिटरवर चरवी घेऊन उठावं लागतं. बाकीच्या दोघी मला व्यवस्थित देतात, हिचीच मिजास.

खाणं तेच आहे. सरकी पेंड रात्री भिजवतो, आंबोण पुढ्यात ठेवतो, कास धुतो, बसतो. फरक एवढाच की आई पाचला बसायची आणि मला कारखान्याच्या पाळीमुळं कधी साडेपाच होतात, कधी साडेसहा. गोठ्यातला बल्ब गेलाय म्हणून मोबाईलची बॅटरी लावून काढतो. परवा तिनं लाथ झाडली, चरवी आडवी झाली, मीपण पाठीत एक ठेवून दिली.

दुसरं म्हणजे फॅट. सातच्या वर लागायचं ते साडेपाचवर आलं. दूध कमी आलं तर उलट घट्ट यायला पाहिजे ना? डेअरीतला माणूस मशीनमध्ये काहीतरी करतोय अशी मला शंका आहे.

शेजारचे म्हणतात इंजेक्शन टोच, दोन मिनिटांत बादली. लेबल नसलेली बाटली तालुक्याला मिळते म्हणे. आईला कळलं तर मलाच गोठ्याबाहेर बांधेल.

म्हशीला खरंच माणूस कळतो का? आणि ती मुद्दाम दूध अडवून धरते का?


कृष्णाकाठ:

आईची जुनी साडी गुंडाळून बस. चेष्टा करत नाही. आमचे काका काकूची साडी नेसून धारा काढायचे, बांगड्यासुद्धा घालायचे. गल्ली हसायची पण कॅन भरायचा.


गोठ्यातला_डॉक्टर:

साडीचा सल्ला हसण्यावारी नेऊ नका, त्यात तथ्य आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालो. निम्मी तक्रार हीच यायची: डॉक्टर, दूध आहे पण देत नाही.

पहिली गोष्ट, म्हैस मुद्दाम काही अडवत नाही. ते तिच्या हातात नसतंच. कासेच्या आत द्राक्षाच्या घडासारखी रचना असते. दूध तयार होतं ते मण्यांत, आणि तिथंच साठून राहतं. प्रत्येक मण्याभोवती बारीक स्नायूपेशींची जाळी असते. ती आवळली की दूध नळ्यांतून खाली सडाकडं उतरतं. यालाच आपण पान्हा म्हणतो. आता गंमत अशी की या जाळीपर्यंत मज्जातंतू जातच नाहीत. मेंदूला थेट 'आवळ' असं सांगायची सोयच नाही. तुम्ही सड चोळता तेव्हा संवेदना मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यात, तिथून मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसपर्यंत पोचते. इथवरचं काम क्षणात होतं. पुढं पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटतं, रक्ताबरोबर फिरत फिरत कासेत येतं आणि मगच ती जाळी आवळते. जाताना निरोप मज्जातंतूनं जातो, येताना रक्तानं येतो. म्हणून वेळ लागतो. गाईला मिनिटभर पुरतं. म्हशीला दोन मिनिटं धरा, कधी त्याहून जास्त.

हे सिद्ध कसं झालं तेही सांगतो, कारण प्रयोग मजेशीर आहे. १९४१ साली अमेरिकेत एली आणि पीटरसन या संशोधकांनी गाईच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू कापले. तरी पान्हा दोन्ही अर्ध्यांत उतरला, म्हणजे निरोप रक्तातून येतोय हे उघड झालं. मग त्यांनी गाय घाबरवून पाहिली. तिच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि शेजारी कागदी पिशव्या फोडल्या. पान्हा बंद. पुढं मांजराचीही गरज नाही, नुसत्या पिशव्या पुरतात, असं त्यांच्या लक्षात आलं. घाबरवण्याऐवजी ॲड्रेनालिन टोचलं तरी तोच परिणाम.

भीती वाटली की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून हेच ॲड्रेनालिन रक्तात येतं. कासेकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे ऑक्सिटोसिन पोचायची वाट अरुंद होते. अनोळखी जागा, अनोळखी हात असला तर मेंदू मुळात ऑक्सिटोसिन सोडायलाच कुचराई करतो. तुमची मोबाईलची बॅटरी आणि पाठीतली थाप म्हणजे त्या कागदी पिशव्याच झाल्या की.

म्हशीच्या बाबतीत हे जास्त का जाणवतं? गाईच्या कासेत खाली एक टाकी असते. तिथं साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच उतरलेलं असतं, तेवढं पान्ह्याशिवायही निघतं. म्हशीत हा हिस्सा जेमतेम पाच टक्के. तुमच्या त्या पहिल्या चार धारा त्याच. बाकी सगळं वर मण्यांत. तिला पान्हा आला नाही तर नुसत्या ओढण्यानं काही निघत नाही, सड मात्र सुजतात. तुम्हाला तीन लिटर मिळतंय म्हणजे पान्हा येतोय, पण अर्धवट येतोय आणि लवकर मोडतोय.

आता फॅट. डेअरीवाल्याला शिव्या देण्याआधी हे ऐका. दुधातला स्निग्धांश सगळीकडं सारखा नसतो. सुरुवातीचं दूध पातळ, शेवटचं सगळ्यात दाट. स्निग्धाचे गोळे मोठे असतात, ते मण्यांत मागं रेंगाळतात आणि जाळी पूर्ण आवळली तरच खाली येतात. तुम्ही रोज पातळ दूध डेअरीला घालताय आणि लोणी कासेत ठेवून उठताय. पान्हा पुरा आला की फॅट जागेवर येईल. नाही आलं तर खुशाल भांडा.

फार दिवस असं चालू देऊ नका. कासेत दूध साचून राहिलं की दूध तयार करणाऱ्या पेशी कामच कमी करतात. म्हैस लवकर आटते, आणि दगडी, म्हणजे कास सुजायचा आजार, व्हायची भीती वेगळी.

करायचं काय ते सांगतो. वेळ एक ठरवा. पाच जमत नसेल तर साडेसहा, पण रोज साडेसहाच. बल्ब आजच लावा, वीस रुपयाचं काम आहे. आंबोण धारेला बसतानाच पुढ्यात यायला हवं, अर्धा तास आधी नको, कारण बादलीचा आवाज आणि पेंडीचा वास हीच तिची खूण असते. सड ओढण्याआधी कोमट पाण्यानं धुऊन हळूहळू चोळत राहा. सड ताठ झाले, फुगले, की सुरू करा आणि मग थांबू नका. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं. मध्येच फोन घ्यायला उठलात तर गाडी गेली. आई धारेला बसल्यावर काय बोलते, गुणगुणते, ते आठवा आणि तेच करा. साडी नेसायची तर नेसा, फोटो मात्र इथं टाका.


शिरोळचा_गोठा:

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. लोणी कासेत ठेवून उठतोय हे वाचून पोटात कालवलं. आई "ये गं माझी राणी" असलं काहीतरी बोलत असते. ते मला म्हणायला बायकोसमोर लाज वाटते, पण बघतो.

इंजेक्शन म्हणजे हेच ऑक्सिटोसिन ना? मग शरीरातलं ते चांगलं आणि बाटलीतलं वाईट कसं?


गोठ्यातला_डॉक्टर:

रेणू तोच आहे. नऊ अमिनो आम्लांची चिमुकली साखळी. विन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली ती प्रयोगशाळेत बनवली, १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. व्यायल्यावर जार पडत नसेल, गर्भाशय सैल पडलं असेल तेव्हा आम्हीही वापरतो. अडचण रोज टोचण्यात आहे. बाहेरून रोज मिळायला लागलं की जनावराचा स्वतःचा पान्हा मंदावतो. पुढं इंजेक्शनशिवाय ती धारच देत नाही आणि इंजेक्शनवाल्याचं गिऱ्हाईक पक्कं होतं. आणि तुमच्या त्या बिनलेबलाच्या बाटलीत ऑक्सिटोसिन किती, पाणी किती, कोण बघायला गेलंय?

दुधातून माणसाला बाधतं का, हे पुढचा कोणीतरी विचारेलच. प्रथिनाचाच तुकडा तो, पोटात पचून जातो. त्यासाठी घाबरायची गरज नाही. म्हशीचे हाल हे कारण पुरेसं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दूध वाढवायला फुका घालणं (जनावराच्या योनीत हवा फुंकणं) किंवा अपायकारक काही टोचणं हा गुन्हाच आहे. २०१८ मध्ये केंद्रानं खासगी कंपन्यांच्या ऑक्सिटोसिनवर बंदी घालून पाहिली. ती दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात रद्द केली, कारण बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. पण म्हणून टपरीवरची बाटली कायदेशीर ठरत नाही.


निफाडकर:

विषय म्हशीचा आहे, पण राहवत नाही. डॉक्टरांनी द्राक्षाचं नाव काढलंच आहे तर सांगतो, आम्ही बागायतदार वर्षभर हेच करतो, फक्त बागेला मेंदू नाही. थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या मण्यात बी सुरुवातीलाच खुरटते. बियाळ जातीत मण्याला फुगवायचं जिबरेलिन ते बीच पुरवत असतं. इथं बी नाही म्हणून मणी बारीक राहतो, आणि म्हणून आम्ही घड न् घड जीएच्या, म्हणजे त्याच जिबरेलिनच्या, पाण्यात बुडवतो. झाडाला जे आतून मिळायचं ते बाहेरून द्यायचं. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या कळ्यांना, हायड्रोजन सायनामाइडचा लेप (पेस्टिंग) लावतो तेही तसंच. आपल्याकडं थंडी पुरेशी नाही, डोळे सगळे एका वेळी जागे होत नाहीत, त्यांना हलवून उठवावं लागतं. फरक एवढाच की वेलीला याची सवय लागून ती बिघडत नाही. प्रमाण चुकलं तर मात्र घडाची वाट लागते, दांडा लाकडासारखा होतो.


बीडची_तूर:

आमच्याकडं बाहेरून काही द्यायची पण गरज नाही. दीड महिन्याची तूर झाली की शेंडे खुडतो. शेंड्यात ऑक्सिन हे झाडाचं संप्रेरक तयार होऊन खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की दडपण गेलं, फांद्या सुटल्या. आज्जी म्हणायची शेंडा माजलाय, खुडा. शास्त्र तेच.

एक शंका. म्हशीचा निरोप जाताना मज्जातंतूनं जातो. झाडाला ते नाहीतच, म्हणजे झाडाचा सगळा कारभार रसायनावर आणि सावकाशच ना?


विज्ञान_शिकवते:

सगळा नाही, बीडकर दादा. लाजाळूच्या टोकाची एक पर्णिका काडेपेटीच्या काडीनं जरा भाजा आणि बघत बसा. आधी समोरासमोरच्या जोड्या टोकाकडून मिटत येतात, मग शेजारच्या पानांकडं लाट जाते आणि शेवटी अख्खा देठ खाली पडतो. तिथं विद्युत संकेत धावतो. देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या खालच्या बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं, पेशी सैल पडतात आणि पान गळून आल्यासारखं दिसतं. जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूतले हे विजेचे संकेत शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात मोजले होते. मज्जातंतू नाहीत, पण वीज आहे. पान पुन्हा उघडायला मात्र दहा-पंधरा मिनिटं लागतात, कारण पाणी परत भरावं लागतं.

वर्गात मुलं विचारतात, लाजाळूला दुखतं का? मी सांगते, दुखायला मेंदू लागतो. मागच्या बाकावरून लगेच, "मग बाई, आमच्या दाद्याला पण दुखत नसणार."


शिरोळचा_गोठा:

ताजी खबर. बल्ब लावला. वेळ साडेसहा ठरवली, पाळी बदलून घेतली. साडी नेसलो नाही, पण आईचा धारेचा जुना पदर खुंटीवर असतो तो खांद्यावर टाकला. पहिले दोन दिवस काही नाही. मग काल सड चोळता चोळता एकदम फुगले, हाताला कळलं. म्हैस रवंथ करायला लागली आणि धार अशी सुटली की चरवीत फेस मावेना. पाच लिटरच्या वर गेलं. आज फॅट साडेसहा लागलं, म्हणजे डेअरीतल्या माणसाशी आता नीट बोलावं लागणार.

डॉक्टर, एकच राहिलं. मागचा डावा सड अजून जरा कडक लागतो, दुधात सुरुवातीला एखादी गुठळी दिसते. पान्हा मोडत होता त्याचंच असेल का?


गोठ्यातला_डॉक्टर:

गुठळी दिसते म्हणजे वाट बघू नका. दगडीची सुरुवात असू शकते. आजच तुमच्या दवाखान्यात दाखवा. त्या सडाची धार सगळ्यात शेवटी, वेगळ्या भांड्यात काढा. ते दूध डेअरीला घालू नका, गोठ्यातही ओतू नका. त्या सडाला लागलेला हात धुतल्याशिवाय दुसऱ्या म्हशीच्या सडाला लावू नका. आणि मनानं सडात घालायची औषधाची ट्यूब आणून चढवू नका, कुठली लागेल ते दूध तपासल्यावर ठरतं.