चाळिशीवर खापर नको

"चाळिशी उलटली की मेटाबॉलिझम (शरीराचा ऊर्जा खर्च करण्याचा वेग) मंदावतो, मग काही करा, वजन उतरत नाही" असं वजनाबद्दलच्या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मला हे पटत नाही. २०२१ मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात संशोधक हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला होता. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतची ६,४०० हून जास्त माणसं, २९ देशांतली. चरबी सोडून उरलेलं शरीराचं वजन हिशेबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत रोजचा ऊर्जाखर्च जवळपास तेवढाच राहतो. उतार लागतो तो साठीनंतर, आणि तोही हळूहळू.

मग फरक कुठे पडतो? आमच्या देवगडकडे बघा. आई विहिरीवर रहाटाने पाणी ओढायची, ओल्या खोबऱ्याचं वाटप पाट्यावर, आणि बाजारहाट पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, चढून-उतरून. आता पंप, मिक्सर आणि दारात स्कूटर. भात मात्र तेवढाच, बांगड्याचं तिखलं असलं की वर आणखी एक डाव. दिवसभराची ही हालचाल गेली, तिला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं म्हणून ती मोजलीही जात नाही.

आणि कृपा करून नुसत्या पेजेवर राहून वजन उतरवू नका. त्यात स्नायूही झिजतात, मग विश्रांतीतला ऊर्जाखर्च खरोखरच घटतो. भात कमी करा, पण मासे आणि कुळथाची पिठी सोडू नका. खाणं न वाढताही वजन चढत असेल, सारखा थकवा असेल, तर थायरॉइड तपासून घ्या.