यूव्ही प्रिंटिंग मशीनची व्हाइट इंक रोज सकाळी मिसिंग मारते, हेड बदलायचं का?

प्रिंटवाला_सांगली
नमस्कार मंडळी. आमच्याकडं सहा फुटी यूव्ही रोल टू रोल मशीन आहे (यूव्ही उजेडानं इंक वाळवणारं), इंक फवारणारी आय३२०० यू१ ची दोन हेडं, एकात सीएमवायके म्हणजे चार कलर आणि दुसऱ्यात व्हाइट नि वार्निश. कलरला काही तक्रार नाही. व्हाइट मात्र रोज सकाळी नोझल चेकला (हेडची सगळी भोकं इंक टाकतात का ते बघायची पट्टी) अर्धं गायब, मग हेवी क्लिनिंग (हेडमधून जोरात इंक खेचून सफाई) मारा, परत मारा, दुपारपर्यंत जरा लाइनीवर येतं आणि मोठा जॉब लावला की मधेच पट्टा फिका पडायला लागतो. इंजिनिअर म्हणतो हेड गेलं, नवीन टाका. हेडची किंमत सगळ्यांना माहितीये त्यामुळं आधी इथं विचारतोय. व्हाइटचं काम तसं कमी, काचेवरचे क्लिअर विनायल आणि थोडं अॅक्रिलिक, गणपतीच्या आधी तेवढी गर्दी असते. कुणाला असा अनुभव?

नोझलचेक
हेडला हात लावू नका अजून. एक सांगा, मिसिंग रोज त्याच जागी येतंय की जागा बदलतेय? आणि चेक पांढऱ्या मीडियावर काढत असाल तर काय दिसणार कप्पाळ, काळ्या विनायलची पट्टी ठेवा त्यासाठी. चार-पाच चेक लागोपाठ काढून शेजारी शेजारी लावा मग बोलू.

प्रिंटवाला_सांगली
काळ्यावरच काढतो साहेब 😀 जागा बदलतेय. एका चेकला डावीकडचं जातं, क्लिनिंग केलं की ते येतं आणि दुसरीकडचं जातं.

जुना_ऑपरेटर_भोसरी
मग हेड नाही गेलेलं, निदान अजून तरी. जाम झालेलं नोझल जागचं हलत नाही, आज जे गेलंय तेच उद्या गेलेलं असतं. जागा बदलते म्हणजे हवा शिरतेय किंवा इंक पुरत नाहीये, आणि मोठ्या जॉबमधे पट्टा फिका पडतो हे तर सरळ सरळ उपासमारीचं लक्षण आहे.

कारण असं की व्हाइटमधे टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते पाण्याच्या चौपट जड, कलरचे पिगमेंट एवढे जड नसतात म्हणून ते तरंगत राहतात आणि हे चुन्याच्या निवळीसारखं खाली बसतं. टँकमधे ढवळणारा स्टिअरर आहे, इंक फिरवणारा सर्क्युलेशन पंप आहे म्हणून लोक निवांत असतात, पण आय३२०० ला हेडमधून इंक परत फिरायची सोयच नाही. सर्क्युलेशन जास्तीत जास्त डॅम्परच्या (हेडच्या आधीची जाळीवाली छोटी डबी) अलीकडंपर्यंत, त्याच्यापुढची छोटी नळी, डॅम्पर आणि खुद्द हेड यातली इंक रात्रभर तशीच उभी. गाळ डॅम्परच्या जाळीवर जमतो, मग इंक कमी पोचते. तुम्ही व्हाइटचे डॅम्पर आणि लाइनमधला फिल्टर शेवटचे कधी बदललेत? कलरबरोबर बदलत असाल तर व्हाइटला उशीर होतो, त्याचे निम्म्या वेळात बदला.

आणि थंडीत सकाळी मशीन चालू केल्या केल्या चेक काढू नका, हेडचा हीटर ४० च्या आसपास पोचू दे आधी, गार इंक जाड असते, नोझल चांगलं असून मिसिंग दाखवतं.

फ्लेक्सकिंग
एवढा किस कशाला पाडताय. रोज सकाळी संध्याकाळी हेवी क्लिनिंग, विषय संपला. आमचं तसंच चालतं.

जुना_ऑपरेटर_भोसरी
चालतं हो, पण इंक कुठं जातेय ते वेस्ट बाटलीत बघा. हेवी क्लिनिंग हेडमधून खेचतं, टँकच्या तळाशी बसलेलं त्यानं हलत नाही, उलट हेडवरून पुसणारा वायपर दहा वेळा फिरतो. त्यापेक्षा सकाळी आधी स्टिअरर-सर्क्युलेशन चालू देऊन मग फक्त व्हाइटची थोडी पर्ज (इंक ढकलून बाहेर काढणं), आणि दिवसातनं एकदा व्हाइटची छोटी पट्टी छापायची, जॉब असो नसो. बाटली टँकमधे ओतायच्या आधी सावकाश उलटीसुलटी करा, खळाखळा हलवली की बुडबुडे होतात आणि तेच हेडमधे जाऊन मिसिंग दाखवतात.

नाशिकची_प्रिंटताई
लाइट गेल्यावर काय करता तेही बघा. आमच्याकडे मेंटेनन्ससाठी दिवसभर लाइट जायची, मशीन बंद म्हणजे सर्क्युलेशनही बंद, संध्याकाळी व्हाइटची बोंब. आता पंप आणि स्टिअरर छोट्या यूपीएसवर वेगळे घेतलेत, पूर्ण मशीन घ्यायची गरज नाही.

दुसरं, कडेचीच नोझलं कायमची जायला लागली तर इंक वाळवणाऱ्या लॅम्पकडं बघा. आरसा फिनिशचं विनायल किंवा चमकणारं अॅक्रिलिक छापलं की यूव्हीचा उजेड परत वर हेडवर येतो आणि इंक नोझलच्या तोंडाशीच क्युअर होते म्हणजे वाळून घट्ट होते, ती कुठल्याच क्लिनिंगनं निघत नाही. वार्निश खाली बसत नाही म्हणून आपण त्याच्याकडं बघत नाही पण उजेडानं तेही तसंच मरतं. अशा जॉबला लॅम्पची पॉवर कमी करा, हेडची उंची शक्य तेवढी खाली.

आणि हात जपा. न वाळलेली यूव्ही इंक कातडीला लागत राहिली की एकदा अॅलर्जी सुरू होते ती जात नाही. नायट्रिलचे ग्लोव्हज घाला, लागलीच तर साबण-पाणी. थिनरनं पुसायची पोरांना सवय असते, त्यानं ती अजून आत जाते.

प्रिंटवाला_सांगली
डॅम्पर काढून बघितला, जाळीवर पांढरी खीर जमलीय नुसती. नवीन मागवलेत. एक शंका, अर्ध्या अर्ध्या तीन बाटल्या पडल्यात त्या एकातच भरून ठेवू का? आणि फ्लशला म्हणजे लाइन धुवायला इको सॉल्व्हेंट मशीनचं लिक्विड चालेल का, ते भरपूर आहे.

नोझलचेक
दोन्हीला नाही. गच्च भरू नका, यूव्ही इंकला बाटलीत हवा लागते, आतलं इनहिबिटर (इंक आपोआप घट्ट होऊ न देणारं रसायन) ऑक्सिजन असला तरच काम करतं, नाहीतर बाटलीतच घट्ट व्हायला लागते. त्यात वेगवेगळ्या बॅचचं मिक्स नकोच, लेबलवरची तारीख बघा, गेलेली असेल तर टाकूनच द्या, पण मोरीत नाही. आणि सॉल्व्हेंटचं लिक्विड यूव्ही इंकला लागलं की गुठळी होऊ शकते, मग खरंच हेड बदलावं लागेल. तुमच्या इंकवाल्याचंच यूव्ही फ्लश घ्या.

जुना_ऑपरेटर_भोसरी
दिवाळीला दुकान बंद ठेवणार असाल तर व्हाइट पूर्ण काढून त्या लाइनीत फ्लश भरून ठेवा, हेड झाकणाऱ्या कॅपच्या फोमलाही फ्लश. आणि खरं विचाराल तर गणपती सोडून महिन्यातनं दोन-चारच व्हाइटचे जॉब असतील तर बाकीचं वर्ष ती लाइन फ्लशवरच ठेवा आणि जॉब बाहेरून करून घ्या. नवीन डॅम्पर टाकल्यावरचा चेक इथं टाका, फिल्टरही बघून घ्या त्याच वेळी.