मदत हवी आहे: मशिन २२ सेकंदांत चालू होतं, बंद व्हायला साडेतीन मिनिटं!

अडतखाता:
नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो. हळदीचे सौदे झाले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) काढायच्या, हमाली-तोलाई वजा करायची आणि संध्याकाळी टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, बंद करून घरी जायचं, असं काम. दुकानात दोन काँप्युटर आहेत.

जुना: ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०.
नवा, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा: ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क), विंडोज १०. जुनी १ टीबी हार्ड डिस्क यात डी ड्राइव्ह म्हणून ठेवली आहे.

मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तीन-तीन वेळा मोजलं. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत जुन्याला १ मिनिट ५० सेकंद लागतात, नव्याला २२. इथवर ठीक आहे. पण शट डाउन दिल्यापासून पंखा थांबेपर्यंत जुना ४० सेकंद घेतो आणि नवा ३ मिनिटं २५ सेकंद! तिन्ही वेळा पाच-सात सेकंदांचाच फरक.

एरवी तक्रार केली नसती, बटण दाबून निघून गेलो असतो. पण सध्या वळवाचे दिवस आहेत. चार वाजले की मिरजेकडून ढग येतात आणि लाईट जाते. यूपीएसची बॅटरी थकली आहे, जेमतेम तीन मिनिटं तग धरते. आत्तापर्यंत दोनदा ‘शटिंग डाउन’चं चक्र फिरत असतानाच मशिन धाडकन बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डी ड्राइव्हची तपासणी चालू, बाहेर शेतकरी पट्टीसाठी ताटकळलेले, आणि शेठ माझ्याकडे बघतायत.

नवी बॅटरी सांगितली आहे. पण बंद व्हायला इतका वेळ का लागतो, हे कुणी सांगेल का?

भडंगप्रेमी:
फॉरमॅट मारा, मोकळे व्हा. तोवर लाईट गेली की पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं.

कंदीपेढा:
भडंगप्रेमी, बटण दाबून धरणं म्हणजे यूपीएस जे तीन मिनिटांनी करतो ते आपण आधीच करणं. हिशेबाच्या मशिनवर हा सल्ला नको, राव.

अडतखाता, मी साताऱ्यात हीच कामं करतो. तुम्ही मोजलंत हे उत्तम. बहुतेक लोक नुसतं ‘लई स्लो आहे’ म्हणतात. पण तुमची तुलना कदाचित सरळ नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. ते चालू असेल तर शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतंच. तुम्हाला लॉगऑफ करतं, विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे लिहून ठेवतं आणि सकाळी तेच उचलतं. रीस्टार्ट मात्र पहिल्यापासून सगळं करतं. त्यामुळे एक मशिन अर्धवट झोपणारं आणि दुसरं पूर्ण बंद होणारं असेल तर आकडे जुळवून उपयोग नाही.

दोन्हींवर टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूवर जा आणि खाली ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज पूर्ण नव्याने सुरू झाल्याला किती वेळ झाला, ते कळवा.

आणि एक सांगा. नवा बंद होत असताना मशिनच्या डब्यावरचा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतो, का सलग पेटलेला असतो?

अडतखाता:
दादा, हे भारीच निघालं. जुन्याचा अप टाइम १९ दिवस दाखवतो! रोज रात्री मीच बंद करतो, मेन स्विचसुद्धा काढतो. नव्याचा आज सकाळी दहापासूनचा. जुना रीस्टार्ट करून बघितला तर डेस्कटॉप यायला ३ मिनिटं १० सेकंद. म्हणजे १:५० हा आकडा उसना होता.

आणि दिवा: काल मुद्दाम टेबलाखाली वाकून बघत बसलो. पहिले पंधरा-वीस सेकंद लुकलुकला. मग जो सलग लाल झाला तो शेवटपर्यंत. डब्यावर हात ठेवला तर डी ड्राइव्हची बारीक थरथर लागत होती. काहीतरी लिहीत असावी, पण मी तर सगळं बंद केलेलं.

हिशेबी:
ईव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, बघा. मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’. १०० नंबरची नोंद चालू होण्याची, २०० ची बंद होण्याची. वेळ मिलिसेकंदांत असतो, घाबरू नका. एखादा प्रोग्राम किंवा सर्व्हिस अडवत असेल तर आसपास तिचं नाव असतं.

बाकी, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि तुम्ही त्यावर शेतकऱ्यांचे पैसे मोजताय.

अडतखाता:
माहीत आहे हो. सीझन संपू दे, जूनमध्ये बघतो. नोंदी बघितल्या, कुठल्याच प्रोग्रामचं नाव नाही.

कंदीपेढा:
प्रोग्राम अडवत असता तर ‘हा प्रोग्राम बंद होत नाही’ असा पडदा आला असता, आणि दिवा असा सलग पेटला नसता. सलग दिवा म्हणजे कुणीतरी डिस्कवर एका लयीत भरमसाट लिहितंय. मला पेज फाइलचा संशय आहे. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरच्या ज्या फाइलमध्ये सामान ठेवतं ती.

दोन गोष्टी बघा. एक, ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये व्हर्च्युअल मेमरी: पेज फाइल कुठल्या ड्राइव्हवर आहे आणि केवढी. दोन, रेजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज असतात तिथे) ‘सेशन मॅनेजर’खाली ‘मेमरी मॅनेजमेंट’. तिथे ‘क्लिअर पेज फाइल ॲट शटडाउन’ची किंमत ० आहे का १? तिथे बाकी कशाला हात लावू नका.

अडतखाता:
१ आहे! आणि पेज फाइल डी वर, १६,३८४ एमबी.

कंदीपेढा:
सापडलं. किंमत १ असली की बंद होताना विंडोज ती अख्खी फाइल शून्यांनी भरून पुसतं. फुकटची सोय नाही ती: रॅममधले पासवर्ड, कागदपत्रं असं काही फाइलमध्ये मागे राहू नये म्हणून काही ऑफिसांत मुद्दाम लावतात. पण तुमची फाइल १६ जीबीची आणि तीही फिरत्या हार्ड डिस्कवर. ती सेकंदाला ९० एमबी लिहिते असं धरा. १६,३८४ भागिले ९० म्हणजे १८२ सेकंद. त्यात नेहमीचे वीस मिळवा. तुमचे २०५ आहेत.

एक दिलासा: ही पुसापुशी सुरू होते तेव्हा टॅली कधीच बंद झालेली असते. तरी डिस्क लिहीत असताना वीज तोडणं वाईटच.

१ चं ० करा. पेज फाइल सी वर, म्हणजे एसएसडीवर, घेऊन आकार विंडोजवर सोडा. ‘रॅमच्या दुप्पट’ हा जुना नियम कुणीतरी पाळलेला दिसतो, एसएसडी झिजेल या भीतीने डी वर टाकलेली असणार. आणि आधीच सांगतो: बदल रीस्टार्टनंतर लागू होतो. पहिल्यांदा तेवढाच वेळ जाईल, तेव्हा ऊन असताना करा.

अडतखाता:
आज दुपारी दोनला, आभाळ स्वच्छ बघून केलं. पहिल्यांदा ३:२४. तुम्ही सांगितलं होतं तरी पोटात गोळा आलाच. परत चालू केलं, परत शट डाउन दिलं, स्टॉपवॉच लावलं आणि चहाचा कप उचलायच्या आत पंखा थांबला. १६ सेकंद. विश्वास बसेना, म्हणून आणखी दोनदा केलं: १५ आणि १६. चालू व्हायला २१, म्हणजे तिथे काहीच बिघडलं नाही.

हे १ कुणी केलं याचा शोध घेतला. एसएसडी बसवणाऱ्याने ‘स्पीड वाढवायची फाइल’ म्हणून काहीतरी डबल क्लिक केलं होतं, असं दुकानातला पोरगा सांगतो. वाढला की स्पीड!

आता जुन्याचं काय करू? रीस्टार्टला ३:१०, आणि डेस्कटॉप आल्यावरही टॅली उघडेपर्यंत आणखी दोन मिनिटं.

हिशेबी:
टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून नको ते काढा, थोडा फरक पडेल. खरा फरक एसएसडीनेच. फिरत्या डिस्कला एकेक तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज चालू होताना असे हजारो तुकडे गोळा करतं.

भडंगप्रेमी:
म्हणजे शेवटी फॉरमॅटच की!

अडतखाता:
त्याला मारू. पण आधी बॅकअप, आणि तोही सौदे बंद असतील त्या दिवशी. एसएसडी बसवायला मात्र दुसरा माणूस बघतोय.