शब्दचर्चा : जिन्यातला ‘वाइंडर’, मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

नमस्कार. मी डिप्लोमाच्या मुलांना आर्किटेक्चरल ड्रॉइंग शिकवते. बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात, म्हणून रेव्हिट या इमारतींचे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये जिना कसा काढायचा याची टिपणं मराठीत लिहायला घेतली. सरळ जिन्यापर्यंत ठीक चाललं. मग ‘एल-शेप वाइंडर’ आणि ‘यू-शेप वाइंडर’ आले आणि तिथे अडले. तात्पुरतं ‘गोल जिना’ लिहिलं, तर एका मुलाने मधल्या खांबाभोवती फिरणारा स्पायरल जिना काढून आणला. चूक त्याची नव्हती, माझ्या शब्दाची होती.

दुसरी अडचण त्याच ठिकाणची. ‘वाइंडर स्टाइल’मध्ये दोन पर्याय येतात, ‘बॅलन्स्ड’ आणि ‘सिंगल पॉइंट’. पहिल्याला मी ‘संतुलित’ लिहिलं, पण नेमकं काय संतुलित आहे हे मलाच सांगता येईना. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

आधी उच्चार. तुम्ही ‘वाइंडर’ लिहिलंत ते बरोबर. पुष्कळ जण ‘विंडर’ म्हणतात, कारण इंग्रजीत वाऱ्याचं आणि वळण्याचं स्पेलिंग एकच. इथे वळणारी ती वाइंडर.

आता अर्थ. मुळात हे एका पायरीचं नाव आहे, अख्ख्या जिन्याचं नाही. जिना काटकोनात वळतो तिथे सपाट लँडिंग न ठेवता वळणावरही पायऱ्याच चढवत नेल्या, की त्या आतल्या कोपऱ्याकडे अरुंद आणि भिंतीकडे रुंद होतात. त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे वाइंडर. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत तिलाच ‘टेपर्ड ट्रेड’ म्हणतात. ते नाव मला जास्त आवडतं, कारण त्याला मराठीत तयार शब्द आहे : निमुळती पायरी.

रेव्हिटमध्ये मात्र हा शब्द पायरीवरून उठून पूर्ण रनला, म्हणजे पायऱ्यांच्या सलग रांगेला, जाऊन बसला. ‘एल-शेप वाइंडर’ निवडलं की आधीच्या सरळ पायऱ्या, वळणावरच्या निमुळत्या आणि पुढच्या सरळ, सगळं एकदम येतं. म्हणून टिपणांत दोन शब्द लागतील. पायरीला ‘निमुळती पायरी’ आणि त्या रनला ‘वळता जिना’. एकाच शब्दावर दोन्ही अर्थ लादले की मुलं गोंधळणारच.

‘गोल जिना’ स्पायरलसाठीच राहू द्या. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे लोखंडी गोल जिने अजून दिसतात, तो अर्थ लोकांच्या डोळ्यांत पक्का बसलेला आहे.

प्रतिसाद २

माझे वडील सुतार होते. त्यांच्या तोंडी ‘निमुळती’ नव्हतं. ते ‘पाचरीची पायरी’ म्हणत, कारण आकार ठोकायच्या पाचरेसारखाच. सगळ्या सुतारांचा हा शब्द आहे असा माझा दावा नाही, पण आमच्या घरात तो रोजचा होता.

ते कागदावर कमी आणि जमिनीवर जास्त काढत. कोपरा आहे त्या मापात खडूने आखायचा, गुण्या लावायचा, मग आतल्या कोपऱ्यात खिळा ठोकून त्याला सूत बांधायचं आणि ते फिरवत भिंतीपर्यंत रेघा न्यायच्या. नव्वद अंशांच्या तीन वाटण्या केल्या की मधल्या पायरीला बाहेरचा कोपरा मिळतो आणि ती चौकोनी होते, अगदी पतंगासारखी. बाजूच्या दोन त्रिकोणी. मी पुढे सॉफ्टवेअर शिकलो तेव्हा कळलं, की इंग्रजीतही त्या मधलीला ‘काइट वाइंडर’च म्हणतात. वडिलांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं, तरी ते तिला ‘पतंग’ म्हणायचे. ताई, हा शब्द तुमच्या टिपणात नक्की घ्या. आकृती न दाखवता आकार कळतो.

प्रतिसाद ३

‘संतुलित’ काढून टाका, ही माझी कळकळीची विनंती. त्या शब्दाने जिन्यात काय घडतं ते झाकलं जातं.

वरच्या प्रतिसादातला खिळा हाच ‘सिंगल पॉइंट’. सगळ्या रेघा एका बिंदूतून निघतात. हिशोब करून पाहा. जिना ९०० मिमी रुंद, तीन पायऱ्या, प्रत्येकी ३० अंश. मधोमध, म्हणजे खिळ्यापासून ४५० मिमीवर, पावलाला साधारण २३५ मिमी जागा मिळते. आतल्या कडेपासून ३०० मिमीवर ती जेमतेम १५७ मिमी उरते आणि खिळ्यापाशी शून्य. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या पायरीवर पावलाला किमान २५० मिमी जागा सांगितली आहे. अमेरिकेतल्या घरांसाठीचा आयआरसी कोड तर अरुंद कडेपासून १२ इंचांवर मोजायला सांगतो. तिथे किमान १० इंच हवेत आणि पायरीवर कुठेही ६ इंचांहून कमी नको. म्हणजे आपली ही पायरी तिथे दोन्ही अटींत नापास.

‘बॅलन्स्ड’मध्ये वळणाचा भार तीनच पायऱ्यांवर टाकत नाहीत. कोपऱ्याच्या आधीच्या आणि नंतरच्या एकदोन पायऱ्याही थोड्या तिरक्या करतात. त्या आपल्यातली जागा कोपऱ्याला देतात, त्यामुळे आतली कड शून्यावर येत नाही. आपल्याकडच्या बांधकामाच्या पुस्तकांत यांनाच ‘डान्सिंग स्टेप्स’ म्हटलेलं सापडतं. फ्रेंचमध्ये या कामाला ‘बालांसमाँ’ म्हणतात.

मराठीत यासाठी क्रियापद हवं आणि ते आपल्याकडे आहे : मुरवणे. शिवणात जास्तीचं कापड चुणी न पाडता मुरवतात, तसं इथे वळण मागच्यापुढच्या पायऱ्यांत मुरवायचं. म्हणून ‘बॅलन्स्ड’ला ‘मुरवलेलं वळण’ आणि ‘सिंगल पॉइंट’ला ‘एका बिंदूतलं वळण’.

प्रतिसाद १ (पुन्हा)

‘मुरवलेलं’ फार चांगलं आहे. माझ्या मनात ‘वाटलेलं वळण’ होतं, पण वाटणी म्हटली की सगळ्यांना सारखी असं वाटतं आणि इथे ती सारखी नसते. आर्किकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाच मुद्दा वेगळ्या नावांनी येतो : एका पर्यायात कोन समान, दुसऱ्यात ‘गोइंग’ समान.

‘गोइंग’वरून आठवलं. ताई, त्यासाठी ‘पायरीची रुंदी’ लिहू नका. जिन्याची रुंदीही रुंदीच, मग ९०० कोणती आणि २५० कोणती हे कळत नाही. पाऊल पुढे टाकायला मिळते ती ‘पाऊलजागा’ म्हणा.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या पानावर ‘वळता जिना’, ‘निमुळती पायरी’, ‘पतंग’, ‘पाऊलजागा’ आणि ‘मुरवलेलं वळण’ घेते. प्रत्येकासमोर इंग्रजी नाव देवनागरीत ठेवीन, कारण मुलांना स्क्रीनवर तेच शोधायचं आहे. सुतारदादांचा खिळा आणि सूत मात्र वर्गात आधी करून घेणार, संगणक नंतर.

एक राहिलं. पाऊलजागा जिथे मोजतात ती ‘वॉकलाइन’. ती रेघ आतल्या कडेपासून किती लांब आणि तिथे किमान किती जागा, हे रेव्हिट आपल्यालाच भरायला लावतं. तिला ‘चालरेषा’ चालेल का?

प्रतिसाद २

चालेल. वडील त्या रेघेवर स्वतः चालून बघायचे, अनवाणी.