ॲप उडवलं, तरी पैसे जातात कुठे?

३०२ काका: नमस्कार मंडळी. सोसायटीचा विषय नाही, सेक्रेटरींनी माफ करावं. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये सलग तिसऱ्या महिन्यात कुठल्याशा कंपनीच्या नावाने पैसे गेलेत. नाव कधी ऐकलेलं नाही. रक्कम चिल्लर, म्हणून पहिले दोन महिने नजरेतूनच सुटलं. हिला विचारलं, मुलाला विचारलं, घरात कोणीच काही घेतलेलं नाही म्हणतात. हा काय प्रकार?

५०१: काका, आठवून बघा. तीनेक महिन्यांपूर्वी कुठे ‘सात दिवस फुकट’ वगैरे घेतलं होतंत का?

३०२ काका: पीडीएफ जोडायचं एक होतं. एकदा वापरलं आणि त्याच संध्याकाळी ॲप काढून टाकलं की.

५०१: सापडला चोर. ॲप काढलं म्हणजे फोनमधली जागा मोकळी झाली. सबस्क्रिप्शन त्यांच्याकडच्या तुमच्या खात्यावर असतं, ते चालूच राहतं. प्ले स्टोअर उघडा, वर तुमच्या फोटोवर टॅप करा, सबस्क्रिप्शनची यादी दिसेल.

३०२ काका: यादी रिकामी आहे रे.

१०४ ताई: रिकामीच असणार. स्टोअरमार्फत घेतलं असतं तर स्टेटमेंटवर गुगलचं नाव दिसलं असतं. अनोळखी नाव दिसतंय म्हणजे कार्डाचा नंबर तुम्ही थेट त्यांच्या साइटवर दिलाय. आणि पाटीवर एक नाव, स्टेटमेंटवर दुसरंच, हे सर्रास असतं. कधी मूळ कंपनीचं येतं, कधी पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचं. काका, मेलमध्ये ‘ट्रायल’ शब्द इंग्रजीत टाकून शोधा. स्पॅमसुद्धा बघा.

३०२ काका: मिळाला! ‘तुमची मोफत चाचणी सुरू झाली आहे’, खाली हिरवं बटण. आणि अगदी तळाला, फिकट करड्या अक्षरात, सात दिवसांनी दरमहा आपोआप आकारणी होईल म्हणून. चष्मा लावून, मोठं करून वाचलं तेव्हा दिसलं.

५०१: ते करडं मुद्दाम असतं. अशा चालींना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. हॅरी ब्रिग्नल नावाच्या डिझायनरने २०१० मध्ये हे नाव दिलं. त्याच्या यादीत एक प्रकार होता झुरळांच्या सापळ्याचा. आत जायला ऐसपैस दार, बाहेर यायला भिंत. आणि हे फक्त भुरट्या साइट करतात असं नाही हं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ॲमेझॉनवर प्राइमवरून खटला भरला होता. त्यात असं पुढे आलं की सदस्यत्व रद्द करायच्या प्रक्रियेला कंपनीत ‘इलियड’ म्हणत. वर्षानुवर्षं चाललेल्या युद्धाचं महाकाव्य! सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. चूक मात्र कबूल केली नाही.

४०२: 😂😂 नाव तरी प्रामाणिक ठेवलं.

३०२ काका: मी सरळ कार्ड ब्लॉक करून नवीन मागवतो. कटकटच नको.

१०४ ताई: काका, नुसतं तेवढंच करू नका. सबस्क्रिप्शनवाल्यांना नवीन कार्डाचा नंबर आपोआप पोचवण्याची सोय कार्ड कंपन्यांकडेच आहे. ग्राहकाची सेवा खंडित होऊ नये म्हणून. कार्ड बदलूनही पैसे जात राहिले अशी माणसं मी कामावर पाहिलीत. आधी साइटवर लॉगिन करून रद्द करा. ‘रद्द झालं’ असं लिहिलेलं पान आणि येणारा मेल दोन्ही जपून ठेवा. मग बँकेला सांगून त्या कंपनीची ऑटो-डेबिटची परवानगी काढून घ्या. गेलेल्या पैशांबद्दल तक्रार करताना ‘मी हे केलंच नाही’ असं मात्र लिहू नका. चाचणी तुम्ही घेतली होती, ते लगेच दाखवतील. अट दिसेल अशी लिहिली नव्हती हे लिहा, पानाचा फोटो जोडा. परत मिळतीलच अशी खात्री मी देणार नाही.

सेक्रेटरी: चर्चा उपयुक्त आहे, चालू द्या. पण पंपाची नोटीस वर गेली. उद्या १० ते १ पाणी बंद. कृपया अंगठा दाखवा.

२०३ काकू: 👍 आता विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगते. हसायचं नाही. मला बिलासारखा मेल आला. अँटीव्हायरसचं सबस्क्रिप्शन वर्षभरासाठी वाढवलं, आज पैसे कापले जातील, नको असेल तर २४ तासांत या नंबरवर फोन करा. रक्कम अशी की छातीत धस्स झालं. लिंक एकही नव्हती, म्हणून मला ते खरंच वाटलं. लिंक उघडायची नाही एवढंच आपल्याला शिकवलेलं!

फोन लावला. मुलगा इतका गोड बोलणारा, दर वाक्याला मॅडम. रिफंडचा फॉर्म भरायला मदत करतो म्हणून लॅपटॉपवर एक ॲप घ्यायला लावलं, त्याला माझा स्क्रीन दिसावा म्हणे. मग बँकेची साइट उघडायला सांगितली. मिनिटभर स्क्रीन काळा झाला. परत आला तर खात्यात रिफंडच्या दहापट रक्कम जमा दिसतेय. आणि तो मुलगा फोनवर चक्क रडायला लागला. एक शून्य जास्त पडलं, माझी नोकरी जाईल मॅडम, जास्तीचे तेवढे परत पाठवा. मी पाठवणारच होते हो. लेकराच्या वयाचा आवाज. तेवढ्यात सून आली, तिने काही न बोलता पान रिफ्रेश केलं. शिल्लक होती तेवढीच! कुणी काही टाकलंच नव्हतं. तिने आधी राउटरचं बटण बंद केलं, मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

५०१: काकू, ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा आकडा कुणालाही बदलता येतो. खोडून दुसरा लिहायचा, बस. बँकेत काही हलत नाही, फक्त तुमच्या डोळ्यांसमोरचं चित्र बदलतं. रिफ्रेश केलं की पुसलं जातं. म्हणून तर पान तसंच राहू द्या म्हणून मागे लागतात.

१०४ ताई: पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदललेत ना? आणि ते ॲप काढलंत?

२०३ काकू: सुनेने सगळं केलं. बँकेलाही त्याच दिवशी कळवलं.

४०२: *फॉरवर्ड केलेला मेसेज:* ऑनलाइन फसवणुकीत गेलेले पैसे १००% परत मिळवा. नोंदणी शुल्क भरा आणि खालील नंबरवर...

१०४ ताई: दादा, हा आधी डिलीट करा! एकदा फसलेल्यांना दुसऱ्यांदा गाठायचा हा धंदा आहे. पैसे सोडवून द्यायला आधी पैसे मागतो, तो त्याच माळेतला.

४०२: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

४०२: सॉरी. मेव्हण्याने पाठवला होता, न वाचता पुढे ढकलला.

*दुसऱ्या दिवशी*

३०२ काका: झालं एकदाचं. चार वेळा विचारलं, खरंच जायचंय का. एका पानावर ‘राहतो’ हे बटण लाल-जाड आणि ‘जातो’ हे नुसत्या बारीक अक्षरात. तिसऱ्या पानावर अर्ध्या किमतीत राहा म्हणाले. रद्द झाल्याचा मेल आला, त्याला उत्तर म्हणूनच पैसे मागितले, तर शेवटच्या महिन्याचे परत देतो म्हणालेत. आधीच्या दोन महिन्यांचे नाही. बँकेकडे तक्रार टाकली आहे.

५०१: भारी काका!

३०२ काका: थांब. पुढे ऐक. कंपनीच्या नावाऐवजी ‘रिन्यूअल’ टाकून मेल शोधत होतो, तर आणखी एक सापडलं. ध्यानधारणेचं. गेलं वर्षभर चालू आहे. ते हिचं आहे. घरात सध्या तोच विषय चाललाय, नंतर बोलतो.