दिल्ली–टोकियो: जाताना साडेसात तास, येताना साडेनऊ. तुमचा अनुभव?

दिल्ली ते टोकियो सरळ अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर. तरी जाताना तिकिटावर साडेसात-पावणेआठ तास दिसतात आणि येताना साडेनऊ. हा प्रवास केलेल्यांनी लिहा: वेळ कुठे वाचला, कुठे गेला. ‘विमान छान होतं’ एवढ्यावर सुटका नाही!

*

कामानिमित्त जाणं होतं, तेही बहुतेक हिवाळ्यात. जानेवारीत जाताना सात तासांच्या आसपास उतरवतात. समोरच्या पडद्यावर वेग ताशी ११०० किलोमीटरच्या वर गेलेला दिसतो. ही जेट स्ट्रीमची कृपा: पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा, खूप उंचावरचा वारा. येताना तोच वारा तोंडावर. वैमानिकाला दोष देऊ नका.

*

वरच्या प्रतिसादाला जोड. हा वारा जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकातच फुगे सोडून मोजला होता. अहवाल जगाने वाचावा म्हणून त्यांनी तो १९२६ मध्ये एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि अर्थातच फारसा कुणी वाचला नाही. १९४४ साली अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं टोकियोवर आली तेव्हा त्यांना याच वाऱ्याने हैराण केलं.

*

आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो. रात्री आठला दिल्ली सोडली, उतरलो तेव्हा तिथे सकाळचे सात. आपल्याकडे पहाटेचे साडेतीनच! ‘हे’ इमिग्रेशनच्या रांगेत उभ्या उभ्या पेंगत होते. त्यात विमान नारिता विमानतळाचं. तिथून शहर साठेक किलोमीटर, एक्सप्रेस गाडीनेही तासभर. टोकियोचा दुसरा विमानतळ, हानेदा, शहराला लागूनच आहे, त्यामुळे पुढच्या वेळी तिकीट काढताना विमानतळाचं नाव आधी बघणार, असं लेकीला बजावून आलेय.

*

सरळ रेघ तिबेटवरून जाते, विमान सहसा जात नाही. केबिनमधला दाब गेला तर दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटचं पठारच त्याहून उंच. मास्कमधला ऑक्सिजन पुरतो जेमतेम पाव तास. म्हणून बंगाल, म्यानमार, चीनचा युन्नान प्रांत असा वळसा. पण त्याचा फायदा येताना मिळतो. दिवसाचं विमान घ्या, उजवीकडची खिडकी धरा. हवा स्वच्छ असेल तर बिहार-उत्तर प्रदेशावरून हिमालयाची रांग बराच वेळ सोबत असते. मी जेवणाचा ट्रे तसाच ठेवून बघत बसलो.

*

मुंबईकरांसाठी: दिल्लीमार्गे एकूण सुमारे ७,०५० किलोमीटर, बँकॉकमार्गे ७,६५०. फरक हवेत पाऊण तासाचा. त्यापेक्षा मधल्या विमानतळावर किती तास ताटकळायचं ते बघा. मी तरी बँकॉकचा तीन तासांचा थांबा घेईन, दिल्लीचा सात तासांचा नाही.