बारावीनंतर चित्रकला आणि नाट्य: अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजचा मार्ग कितपत योग्य?

प्रश्न (फोंडा तालुक्यातील एक आई)

नमस्कार. माझ्या मुलाची यंदा कला शाखेतून बारावी झाली. गेली चार वर्षे गावच्या देवळातील उत्सवी नाटकांचे नेपथ्य आणि रंगभूषा तो सांभाळतो, आणि चवथीच्या आधीचे दोन महिने शेजारच्या चित्रशाळेत मूर्तींचे डोळे रंगवण्यापर्यंतची सगळी कामे मन लावून करतो. माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे स्थायिक आहे. भाच्याने आपल्याकडे राहून तेथील कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात, चित्रकला आणि नाट्य या दोन्ही विषयांचे शिक्षण घ्यावे, असा त्याचा आग्रह आहे. मामाच्या घरी राहिल्याने शुल्क कमी होते का, दोन वर्षांच्या त्या शिक्षणाला इकडे काय किंमत आहे, आणि दोन्ही कला एकत्र शिकता येतात हे खरे आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर (मडगाव, माजी विद्यार्थी)

ताई, मी स्वतः कॅलिफोर्नियातील अशाच एका महाविद्यालयात दोन वर्षे शिकलो आहे, म्हणून आधी शुल्काचे सांगतो, कारण नातेवाइकांच्या भरवशावर निघालेल्यांची सर्वांत मोठी चूक तेथेच होते. तेथील रहिवाशांना एका युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) ४६ डॉलर भरावे लागतात, म्हणजे असोसिएट या दोन वर्षांच्या पदवीच्या ६० युनिटांचे २,७६० डॉलर होतात. मात्र विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाला, तो सख्ख्या मामाच्या घरी राहत असला तरी, हा दर लागू होत नाही आणि त्याला कित्येक पटींनी अधिक शुल्क भरावे लागते. मामामुळे वाचतो तो राहण्याजेवण्याचा खर्च, आणि तोही थोडाथोडका नसतो. शिवाय व्हिसा टिकवण्यासाठी प्रत्येक सत्रात किमान १२ युनिटे घ्यावीच लागतात.

दोन्ही कला एकत्र शिकता येतात, हे मात्र अगदी खरे आहे. पहिल्याच सत्रात मी सकाळी मानवाकृती रेखाटन शिकत असे आणि दुपारी नाट्यगृहाच्या कार्यशाळेत लाकडी चौकटींवर कापड ताणून फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या भिंती, बनवणे, दिवे टांगणे आणि त्यांचा रोख जुळवणे ही कामे करत असे. प्रवेशासाठी अभियोग्यता चाचणी नव्हती. माझ्या वर्गात नुकतीच शाळा संपवलेल्या मुलांच्या शेजारी निवृत्त परिचारिका आणि दिवसभर सुतारकाम करून संध्याकाळी येणारे गृहस्थ बसत. आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाचे चित्र भिंतीवर लावून त्यावर सर्वांनी बोलायचे, अशी पद्धत होती. चूक दाखवली जाणे आणि अपमान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या भिंतीसमोर उभा राहून शिकलो, आणि त्या शिक्षणाचे मोल मला आजही वाटते.

एका सल्लागाराच्या सांगण्यावरून मी घेतलेले तीन विषय पुढे चार वर्षांच्या पदवीसाठी विद्यापीठात जाताना तेथे मान्य झाले नाहीत आणि माझे एक सत्र वाया गेले. म्हणून कोणता विषय कोणत्या सार्वजनिक विद्यापीठात धरला जातो, हे दाखवणारे ‘असिस्ट’ हे राज्याचे अधिकृत संकेतस्थळ मुलाने पहिल्या दिवसापासून स्वतः पाहावे.

उत्तर (पणजी, कला शिक्षिका)

वरील माहिती मोलाची आहे, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. दोन वर्षांची असोसिएट पदवी ही मुळात चार वर्षांच्या पदवीची पहिली पायरी आहे. मुलगा तेवढ्यावर परतला, तर येथे तिला पदवीचा दर्जा मिळेल असे गृहीत धरू नये. म्हणजे तुम्हाला हिशेब चार वर्षांचा करावा लागेल, आणि पुढची दोन वर्षे विद्यापीठातील, अधिक महाग असतील. आपल्या पणजीत आल्तिनो टेकडीवरील गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून चालू आहे. मडगावात जन्मलेले चित्रकार लक्ष्मण पै तेथे दहा वर्षे प्राचार्य होते. तेथे ललित कलेची चार वर्षांची पदवी घेता येते, आणि नाट्यशिक्षणासाठी कला अकादमीही पणजीतच आहे. पदवी येथे घेऊन एम. एफ. ए. साठी, म्हणजे ललित कलेच्या पदव्युत्तर पदवीसाठी, परदेशी जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण अमेरिकी विद्यापीठांत कला शिकवण्यासाठी साधारणपणे हीच अंतिम पदवी मानली जाते. तथापि चित्र आणि रंगमंच यांना एकाच छताखाली आणणारी मोकळीक आपल्याकडे दुर्मीळ आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते.

उत्तर (डिचोली, नेपथ्यकार)

निर्णय कोणताही होवो, मुलाने आजवर केलेले काम आधी कागदावर उतरवावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आपल्याकडे उत्सव संपला की पडदे गुंडाळले जातात, विंगा मोडल्या जातात आणि चार रात्री जागून केलेल्या कामाचा मागमूस उरत नाही. कम्युनिटी कॉलेजात प्रवेशाला कामांचा संच लागत नसला, तरी पुढे ललित कलेच्या पदवीसाठी विद्यापीठात जाताना तो बहुधा मागितला जातो, आणि येथील कामे त्यात असणे हे त्याचे बळ ठरेल. प्रत्येक नाटकाचा पाव इंचाला एक फूट या प्रमाणात काढलेला रंगमंचाचा आराखडा, पुठ्ठ्याची लहान प्रतिकृती, रंगभूषेच्या आधीचे व नंतरचे छायाचित्र आणि फसलेल्या प्रयोगांचे कच्चे आराखडेसुद्धा त्याने जपावेत. त्याच्या जोडीला प्रत्यक्ष पाहून काढलेली रेखाटने हवीत. जमल्यास जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी कलाही त्याने अभ्यासावी. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन, तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करत नक्षी साधण्याची ती रीत आहे. एकदा खरवडलेली रेघ पुसता येत नसल्यामुळे हाताला शिस्त लागते.

प्रश्नकर्त्या आईचे प्रत्युत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. शुल्काची बाब माझ्या भावालाही ठाऊक नव्हती. काल रात्री आम्ही तिघांनी बसून चार वर्षांचा हिशेब मांडला. मुलाचे म्हणणे असे की, यंदा आल्तिनोवर प्रवेशाचा प्रयत्न करावा आणि अमेरिकेचा विचार पदवीनंतर करावा. गेल्या कार्तिकातील नाटकाचा पडदा देवळाच्या माळ्यावर अजून आहे, तो उद्या खाली उतरवून त्याचे छायाचित्र घेणार आहोत.